औषध किती दिले, शरीराने किती घेतले? : भारतातील वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांच्या शिक्षणाचा इतिहास

१/ मांजरसुंबा हे बीडच्या दक्षिणेस धुळे–सोलापूर महामार्गावरील गाव. येथून उत्तरेस छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आणि दक्षिणेस बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल. या वाटांनी जाणाऱ्या रुग्णांच्या उपचारात डॉक्टरांबरोबर आणखी एका तज्ज्ञाचा हात असतो. तो वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ. रुग्णाला त्याचे नाव सहसा कळतही नाही. हा तज्ज्ञ भारतात कसा घडला, याचा हा थ्रेड.

२/ प्रथम त्याचे काम पाहू. यंत्रातून बाहेरून दिलेल्या किरणांची मात्रा पाण्याच्या टाकीत उपकरण ठेवून मोजता येते. किरणोत्सारी औषध मात्र गिळले किंवा टोचले जाते. ते रक्तातून फिरते, काही अवयवांत साठते, मूत्रावाटे बाहेर पडते. तिथे उपकरण ठेवता येत नाही. मात्रा गणितानेच काढावी लागते. अणुवैद्यकातील मात्रामापन ते हेच.

३/ भारतातील आरंभ मुंबईत झाला. १९४१ साली परळ येथे टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले. पॅरिसमध्ये मारी क्यूरी यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. रामय्या नायडू तेथे भौतिकतज्ज्ञ होते. त्यांनी रेडियमपासून निघणारा रेडॉन वायू उपचारासाठी गोळा करणारे संयंत्र उभारले. रेडॉनचा अर्धायुकाल जेमतेम ३.८ दिवस. त्यामुळे प्रत्येक वापराआधी हिशेब नव्याने करणे भाग होते.

४/ त्याच १९४१ साली बोस्टनमध्ये सॉल हर्ट्झ यांनी थायरॉइडच्या विकारावर किरणोत्सारी आयोडीन प्रथमच दिले. थायरॉइड ग्रंथी आयोडीन स्वतःच ओढून घेते, या साध्या शरीरधर्मावर तो उपचार उभा होता. १९५६ मध्ये तुर्भे येथे अप्सरा अणुभट्टी कार्यान्वित झाली आणि किरणोत्सारी समस्थानिके देशातच तयार करण्याची वाट खुली झाली.

५/ पदार्थ मिळू लागला, पण तो मोजणारी माणसे कुठे होती? एकट्या तज्ज्ञाच्या व्यासंगावर देशभरची रुग्णालये चालणार नव्हती. १९६२ मध्ये तुर्भ्याच्या अणुऊर्जा आस्थापनेने, म्हणजे आजच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने, जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने किरणवैद्यकीय भौतिकीची एक वर्षाची पदव्युत्तर पदविका सुरू केली. भौतिकशास्त्राचा पदवीधर रुग्णालयात पोहोचण्याचा तो पहिला पक्का रस्ता ठरला.

६/ पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन झाले. परळच्या या केंद्राने रुग्णसेवा आणि अध्यापन एकाच छताखाली आणले. १९७३ पासून तेथे डॉक्टरांसाठी पदविका अभ्यासक्रमही सुरू झाला. डॉक्टरने भौतिकी आणि भौतिकतज्ज्ञाने शरीरशास्त्र शिकल्याखेरीज ही विद्याशाखा उभी राहत नाही, हे यातून मान्य झाले.

७/ गणिताची चौकट अमेरिकेतून आली. तेथील न्यूक्लिअर मेडिसिन सोसायटीने १९६५ मध्ये शरीरांतर्गत मात्रेसाठी 'मर्ड' ही समिती नेमली आणि १९६८ पासून तिच्या पुस्तिका निघू लागल्या. पद्धत अशी : औषध कोणत्या अवयवात किती आणि किती वेळ राहिले ते शोधा, मग त्या प्रत्येक विघटनातून अवयवाने किती ऊर्जा शोषली ते काढा.

८/ मात्र या गणिताला एक शरीर गृहीत धरावे लागते. ते होते सत्तर किलो वजनाचा पाश्चात्त्य 'प्रमाण पुरुष'. हंगामात ऊसतोडीला जाणारी बीडची कष्टकरी स्त्री त्या कोष्टकात कुठे बसणार? भारतासह आशियाई देशांनी 'संदर्भ आशियाई मानव' प्रकल्पात आपापल्या लोकांच्या शरीराची मापे जमवली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने तो अहवाल १९९८ मध्ये प्रसिद्ध केला.

९/ पदविका घेऊन निघालेला तज्ज्ञ बहुधा दूरच्या रुग्णालयात एकटाच असे. चूक झाली तर दाखवणारा शेजारी नाही. १९७६ मध्ये असोसिएशन ऑफ मेडिकल फिजिसिस्ट्स ऑफ इंडिया स्थापन झाली, ती या एकटेपणावरचा उपाय म्हणूनही पाहता येते. वार्षिक परिषदा, नियतकालिक आणि डॉ. रामय्या नायडू यांच्या नावाचे व्याख्यान यांतून विखुरलेली माणसे एका व्यवसायाची झाली.

१०/ या जाळ्याचे सर्वांत ठोस रूप म्हणजे तुलनात्मक तपासणी. भाभा केंद्र अचूक मोजलेला आयोडीन-१३१ चा नमुना देशभरच्या अणुवैद्यक केंद्रांना देते. प्रत्येक केंद्र तो आपल्या उपकरणावर मोजून आकडा कळवते. आठ दिवसांच्या अर्धायुकालामुळे मोजणीची वेळही काटेकोर नोंदवावी लागते. आकडा जुळला नाही, तर दोष रुग्णापर्यंत जाण्याआधी उघड होतो.

११/ आज ध्रुव अणुभट्टीत ल्युटेशियम-१७७ तयार होते आणि काही विशिष्ट कर्करोगांवर वापरले जाते. तेवढ्याच औषधातून दोन रुग्णांच्या अवयवांना मिळणारी मात्रा कित्येक पट वेगळी असू शकते. ती व्यक्तीनिहाय काढायची तर रुग्णाच्या प्रतिमा अनेक दिवस पुन्हा पुन्हा घ्याव्या लागतात. खेड्यातल्या रुग्णासाठी याचा अर्थ प्रवास, मुक्काम आणि बुडालेली मजुरी. म्हणून ठरावीक मात्रा देण्याची रीत अजूनही मोठ्या प्रमाणावर टिकून आहे.

१२/ बार्शीत १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. ग्रामीण रुग्ण तेव्हा प्रथमच पद्धतशीरपणे मोजला गेला. पुढचा टप्पा त्या रुग्णाच्या शरीरातील मात्रा मोजण्याचा आहे. कमी प्रतिमांत विश्वासार्ह उत्तर काढणारा प्रशिक्षित तज्ज्ञ आणि त्याचे गणित तपासणारे सहकारी, हे दोन्ही लाभले तरच सत्तर किलोच्या प्रमाण पुरुषाऐवजी समोरच्या माणसावर उपचार होईल.