पाणबुडी शोधतात कशी? विहिरीतल्या गार पाण्यापासून ‘खुकरी’पर्यंत

आपल्या धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही युद्धाच्या बातम्या सुरू झाल्या की एक प्रश्न हमखास विचारला जातो: उपग्रहातून शेतातला ट्रॅक्टर दिसतो, मग ६५-७० मीटर लांबीची अख्खी पोलादी पाणबुडी का दिसत नाही?

कारण मधे पाणी आहे. रडार ज्या रेडिओ लहरींवर चालतं, त्या खाऱ्या पाण्यात शिरल्या की जवळजवळ लगेच विरून जातात. प्रकाशाचंही फारसं बरं नाही. अगदी नितळ समुद्रातसुद्धा तो फार खोल जात नाही, आणि आपल्या किनाऱ्यालगतचं पाणी तर गढूळ. लांबवर जातो तो फक्त आवाज. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो, समुद्राच्या पाण्यात तो सुमारे १,५०० मीटर होतो. म्हणून पाणबुडी शोधायची म्हणजे मुख्यतः ‘ऐकायची’. या ऐकण्याच्या यंत्रणेला सोनार म्हणतात.

हाक मारणं आणि कान देणं

सोनार दोन प्रकारचं असतं. पहिलं हाक मारणारं, म्हणजे सक्रिय सोनार. आडात वाकून ‘ओ’ दिली की आवाज परत येतो, तसंच. जहाजाच्या तळाशी बसवलेलं यंत्र पाण्यात ‘पिंग’ असा आवाज सोडतं, तो पाणबुडीच्या अंगावर आदळून परत येतो, आणि किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं. पाणबुडी ५ किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० किलोमीटरचा प्रवास, म्हणजे साधारण पावणेसात सेकंद. हे तंत्र पहिल्या महायुद्धात जन्माला आलं. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्झच्या स्फटिकांना वीज देऊन पाण्यात असा आवाज सोडून दाखवला.

पण हाक मारणाऱ्याची जागा सगळ्यांना कळते. पिंग जहाजापासून पाणबुडीपर्यंत एकच फेरी मारून पोचतो, तर प्रतिध्वनीला दोन फेऱ्या मारून परत यायचं असतं, तोही क्षीण होऊन. त्यामुळं जहाजाला पाणबुडी सापडायच्या कितीतरी आधी पाणबुडीला जहाज सापडतं.

दुसरं सोनार नुसतं कान देणारं, म्हणजे निष्क्रिय. ते स्वतः गप्प राहून इंजिनचा, पंपांचा, पंख्याचा आवाज टिपतं. एका कानानं दिशा कळत नाही, म्हणून पुष्कळ हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले मायक्रोफोन, रांगेनं लावतात. कोणत्या हायड्रोफोनपाशी आवाज किती आधी पोचला, यावरून दिशा काढतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप आपल्या उमरगा-सास्तूर भागातल्या लोकांनी भोगला आहे. त्याचं केंद्र किल्लारीच्या परिसरात आहे हे ठरवायला तरी काय केलं होतं? वेगवेगळ्या ठिकाणच्या यंत्रांपर्यंत धक्का कधी कधी पोचला, हेच जुळवलं होतं. तत्त्व तेच, फक्त जमिनीऐवजी पाणी.

खरी अडचण पाण्याच्या थराची

एवढं सोपं असतं तर चांगला भोंगा आणि चांगला कान बसवून काम झालं असतं. पण समुद्र एकसारखा नसतो.

मे महिन्यात विहिरीत ज्यानं उडी मारली आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको. वरचं पाणी कोमट असतं आणि बुडी मारली की एकदम गारवा झोंबतो. समुद्रातही असंच असतं. वर ऊन खाल्लेला गरम थर, त्याखाली तापमान झपाट्यानं उतरत जाणारा पट्टा, आणि त्याखाली थंड पाणी.

आता आवाजाचं बघा. पाण्याचं तापमान १ अंशानं वाढलं की आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३ मीटरनं वाढतो. हा फरक किरकोळ वाटतो, पण त्यामुळं आवाज सरळ जात नाही, वाकतो. बैलगाडीचं एक चाक चिखलात गेलं की गाडी त्या चाकाच्या बाजूला वळते. आवाजाची लाटही तशीच, जिथं तिचा वेग कमी होतो त्या बाजूला, म्हणजे थंड पाण्याकडं, खाली वळते. परिणाम असा की जहाजानं समोर सोडलेला आवाज थोडं अंतर गेला की खाली बुडतो आणि पुढं एक ‘सावली’ तयार होते. त्या सावलीत पाणबुडी थराखाली संथ उभी असेल, तर वरचं जहाज कितीही ओरडलं तरी तिच्यापर्यंत आवाज नीट पोचतच नाही.

हे कळायलाही वेळ लागला. १९३० च्या दशकात अमेरिकी नौदलाची जहाजं क्युबाजवळच्या ग्वांतानामोच्या खाडीत सोनारचा सराव करायची. सकाळी पाणबुडी चांगली सापडायची, दुपारी सापडेना. जेवणानंतर माणसं सुस्तावतात की काय, अशीही शंका घेतली गेली. प्रत्यक्षात दुपारच्या उन्हानं वरचं पाणी तापायचं आणि आवाज खाली वाकायचा. मग वुड्स होल संस्थेतल्या अथेल्स्टन स्पिलहॉस यांनी चालत्या जहाजावरून पाण्यात सोडायचा, खोलीनुसार तापमान नोंदवणारा ‘बॅथिथर्मोग्राफ’ तयार केला. पुढच्या महायुद्धात पाणबुड्यांवर तो नेणं ही नेहमीची गोष्ट झाली. लपणाऱ्यालाही थर कुठं आहे हे हवंच असतं!

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर याच्या जोडीला आणखी दोन त्रास. मुंबईसमोर समुद्राचा उथळ तळ शेकडो किलोमीटर आत पसरलेला आहे, त्यामुळं आवाज तळावर आणि पृष्ठभागावर आदळून सगळा कालवा होतो. शिवाय मासेमारीच्या बोटींची इंजिनं, आणि उथळ उबदार पाण्यात नांगी कट्कन आपटून आवाज करणारी कोळंबीची जातभाई. हजारोंच्या संख्येनं त्या आपटायला लागल्या की हायड्रोफोनमध्ये नुसती तडतड ऐकू येते.

९ डिसेंबर १९७१

या सगळ्याची किंमत आपण एकदा मोजली आहे.

१९७१ च्या युद्धात दीवच्या आसपास पाकिस्तानी पाणबुडी असल्याचा संशय आला, तिचे रेडिओ संदेश पकडले गेले होते. तिच्या शोधासाठी ‘आयएनएस खुकरी’ आणि ‘आयएनएस किरपाण’ या दोन फ्रिगेट मुंबईहून निघाल्या. पाणबुडी होती ‘हंगोर’, फ्रान्समध्ये आखलेल्या डाफ्ने जातीची, नवी आणि शांत. तिचे कान आपल्या फ्रिगेटवरच्या जुन्या ब्रिटिश १७०/१७४ सोनारपेक्षा कितीतरी लांबचं ऐकत होते. थोडक्यात, शिकारी जहाजं शोधत होती आणि शिकार त्यांना आधीच पाहून बसली होती.

इथं एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. त्या वेळी खुकरीवर संशोधन चालू होतं. मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात काम करणाऱ्या लेफ्टनंट व्ही. के. जैन या नौदल अधिकाऱ्यानं सोनारचा पल्ला वाढवणारं एक उपकरण तयार केलं होतं, आणि त्याची चाचणी घ्यायला ते स्वतः जहाजावर होते. जहाज जोरात गेलं की पाण्याचा खळखळाट आणि स्वतःच्याच पंख्याचा आवाज कानावर पडतो, दूरचा क्षीण प्रतिध्वनी त्यात बुडतो. चांगलं ऐकायचं तर हळू जायला हवं. पण पाणबुडीच्या टप्प्यात हळू आणि सरळ चालणारं जहाज म्हणजे आयतं लक्ष्य. नौदलाच्या इतिहासात खुकरीच्या संथ वेगामागचं एक कारण म्हणून या चाचणीचा उल्लेख येतो. मला यात जैन यांची किंवा कॅप्टनची चूक शोधणं पटत नाही. मूळ यंत्रच इतकं तोकडं होतं की दोन्ही वाटा धोक्याच्या होत्या.

९ डिसेंबरच्या रात्री हंगोरनं पहिला टॉर्पेडो किरपाणवर सोडला. तो तळाखालून निघून गेला, फुटला नाही. दुसरा खुकरीला लागला. काही मिनिटांतच जहाज बुडालं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, त्यात लेफ्टनंट जैनही होते. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. पुढं काही दिवस जहाजं, विमानं, हेलिकॉप्टर सगळी शोधत राहिली, पण हंगोर निसटली आणि कराचीला पोचली. आज ती तिथल्या सागरी संग्रहालयात उभी आहे. खुकरीचं स्मारक दीवला आहे, तिथं फिरायला जाणारे आपले बरेच लोक ते पाहून येतात.

सोनारवाला माणूस आणि तुमचं वायफाय

त्या काळात आरोग्यस्वामी पॉलराज नावाचे एक तरुण नौदल अधिकारी आयआयटी दिल्लीत संशोधन करत होते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत आणि मग लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले, म्हणजे घडले महाराष्ट्रातच. युद्धानंतर त्यांना जुन्या १७० सोनारमध्ये सुधारणा करायचं काम मिळालं. त्यांनी भोंगा मोठा केला नाही. आलेल्या गोंगाटातून नेमका प्रतिध्वनी गाळून काढायचं गणित सुधारलं. समुद्रातल्या चाचणीत ते उतरलं आणि जहाजांवर बसवलं गेलं.

पुढं कोचीच्या ‘एनपीओएल’ या नौदलाच्या प्रयोगशाळेत त्यांच्या नेतृत्वाखाली पूर्ण भारतीय सोनार तयार झालं. त्याचं नाव ‘ॲप्सोह’. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची चाचणी ‘आयएनएस हिमगिरी’वर झाली, आणि ही हिमगिरी माझगाव गोदीत बांधलेली. तेव्हा असं सोनार परदेशातून घ्यायचं तर जुना माल मिळायचा. चांगलं कोणी विकत नव्हतं, विकलं तरी त्याच्या आतलं सांगत नव्हतं. ॲप्सोहनंतर ‘हम्सा’ मालिकेतली सोनार आली, ती आज आपल्या बहुतेक मोठ्या युद्धनौकांवर आहेत.

पॉलराज नंतर अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले. पुष्कळ हायड्रोफोन एकत्र ऐकून कालव्यातून अर्थ काढायचा, हा त्यांचा जुना धंदा. तिथं त्यांनी तोच विचार रेडिओच्या अँटेनांना लावला. भिंतींवर आदळून येणारे संदेश अडचण न मानता वापरून घ्यायचे. या ‘मायमो’ तंत्राचं पेटंट १९९४ मध्ये मिळालं. तुमच्या घरच्या राऊटरला दोन-चार अँटेना का असतात आणि ४जी जलद का चालतं, त्याचं मोठं कारण हे आहे.

चुंबक, आणि आपला काळा दगड

आवाजाशिवाय दुसरा मार्ग चुंबकाचा. पोलादी पाणबुडीमुळं पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात किंचित गडबड होते, ती खालून उडणारं विमान टिपू शकतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं यासाठी चुंबकमापक बनवले आणि १९४४ मध्ये जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत त्यांच्या जोरावर पाणबुड्या पकडल्या. पल्ला मात्र काहीशे मीटरचा. म्हणून पाणबुडी कुठं आहे हे साधारण कळल्यावर खात्री करायला हे वापरतात. आपल्या नौदलाच्या पी-८आय विमानांनाही मागं असा दांडा आहे.

हे यंत्र आपल्या जिल्ह्यावरून फिरवलं तर गोंधळेल, कारण आपला बेसॉल्ट स्वतःच चुंबकीय आहे. यात एक गंमत आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट महायुद्धात पाणबुडीविरोधी मोहिमेचं गणित मांडायचे, नंतर पंडित नेहरूंचे संरक्षण-विज्ञानाचे सल्लागार झाले. त्यांनी अतिशय नाजूक चुंबकमापक बांधून दगडांचा अभ्यास सुरू केला, आणि त्यांच्या गटानं १९५० च्या दशकात दख्खनचा हाच काळा दगड मोजला. लाव्हा थिजताना त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा दगडात कोरली जाते. त्यावरून निघालं की सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपली जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती! मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही पुढं हे काम बराच काळ चाललं.

आता काय चाललंय

पाणबुड्या आणखी शांत होत आहेत. माझगाव गोदीत बांधलेल्या सहा कलवरी जातीच्या पाणबुड्या बॅटरीवर चालतात तेव्हा त्यांचा आवाज समुद्राच्या नेहमीच्या आवाजात मिसळून जातो. अंबरनाथच्या ‘एनएमआरएल’ प्रयोगशाळेनं इंधन-घटावर चालणारी यंत्रणा तयार केली आहे. ती बसली की बॅटरी भरायला वारंवार वर यावं लागणार नाही. आपण हे करतो तसं समोरचेही करतात. त्यामुळं नुसतं कान देणं पुरत नाही, पुन्हा हाक मारणं आलं, फक्त आता कमी वारंवारतेच्या जाड आवाजात. असा आवाज पाण्यात कमी विरतो, लांब जातो.

आणि थराचं काय? त्यासाठी सोनारच जहाजातून बाहेर काढतात. जाड केबलला बांधून ते मागं पाण्यात सोडायचं आणि गरम थराच्या खाली, पाणबुडी जिथं लपते त्याच गार पाण्यात उतरवायचं. १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणमला नौदलात आलेल्या ‘आयएनएस अर्नाळा’वर अशी यंत्रणा आहे. हे खास उथळ पाण्यात पाणबुडी शोधायला बांधलेलं जहाज आहे आणि नाव वसईजवळच्या अर्नाळा किल्ल्याचं. केबल किती सोडायची हे मात्र त्या दिवशीचं पाणी ठरवतं, म्हणून शोध सुरू करायच्या आधी आजही पहिल्यांदा तापमान मोजतात. कोचीचं ‘सागरध्वनी’ हे संशोधन जहाज १९९४ पासून याच नोंदी गोळा करत फिरतं आहे.