झटक्यानंतर काय? आरामखुर्चीपासून मोबाइलपर्यंत

नवं आरोग्य ॲप आलं की आपल्याकडे उद्घाटन होतं, फोटो निघतात, टाळ्या पडतात. टाळ्यांना हरकत नाही. पण त्याआधी थोडा इतिहास बघू.

१९०५ साल. नेदरलँड्समधलं लायडन शहर. विलेम आइंथोवेन यांचं ईसीजी यंत्र जवळपास २७० किलोचं, चालवायला पाच माणसं. ते रुग्णापर्यंत नेणार कसं? मग त्यांनी दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेवरून हृदयाचा आलेखच प्रयोगशाळेत आणला. म्हणजे दुरून तपासणी ही काही स्मार्टफोनची देणगी नाही! पुढे १९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत नॉर्मन होल्टर यांनी चालत्याफिरत्या माणसाचा ईसीजी घेतला. पाठीवरच्या यंत्राचं वजन सुमारे ३८ किलो. आज डॉक्टर २४ तासांसाठी 'होल्टर' लावतात, ते यांच्याच नावाचं.

यंत्रं सुधारत होती. रुग्णाचं काय?

हार्ट अटॅक आलेल्याला तेव्हा चार ते सहा आठवडे सक्त अंथरूण. कूस बदलायची तरी नर्सने बदलायची. पडून पडून पायात रक्ताच्या गाठी व्हायच्या आणि माणूस त्यानेच दगावायचा. १९५२ साली बोस्टनच्या सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांनी ८१ रुग्णांना लवकर आरामखुर्चीत बसवल्याचा अहवाल छापला. सहकारी डॉक्टरांना हे भलतंच वाटलं होतं, पण रुग्ण सावरले. १९५५ साली अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला. डॉ. पॉल डडली व्हाइट यांनी त्यांना हळूहळू हिंडतंफिरतं केलं आणि पुढच्याच वर्षी ते निवडणूक जिंकले. 'अटॅक आला म्हणजे संपलं' हा समज तिथून ढिला होऊ लागला.

आता मोबाइलकडे येऊ. सिडनीत ७१० हृदयरुग्णांवर एक प्रयोग झाला, निष्कर्ष २०१५ साली आले. निम्म्या रुग्णांना सहा महिने आठवड्याला चार साधे एसएमएस. ज्यांना मेसेज गेले त्यांचा रक्तदाब उतरला, कोलेस्टेरॉल थोडं कमी झालं. त्यांच्यात धूम्रपान करणारे २६ टक्के उरले, इतरांत ४३ टक्के. स्वस्त आणि मस्त!

पण थांबा. भारतात लकव्याच्या ४,००० हून जास्त रुग्णांना एसएमएस, व्हिडिओ आणि पुस्तिका देऊन असाच मोठा अभ्यास झाला, १२ भाषांत. २०२३ साली निकाल छापून आला. गोळ्या नियमित घेणं, दारू-तंबाखू सोडणं यात फायदा दिसला. पुन्हा झटका येणं किंवा मृत्यू यात मात्र वर्षभरात फरक दिसला नाही. आणि केवळ घरच्यांना व्यायाम शिकवून रुग्णाचं परावलंबन कमी होतं का, हेही १४ रुग्णालयांत तपासलं गेलं. २०१७चं उत्तर : नाही.

याचा अर्थ मोबाइल निरुपयोगी असा नाही. मोबाइल आठवण करून देतो. लुळा पडलेला हात हलवून घ्यायला, बीपी मोजायला, 'गोळ्या का बंद केल्या?' असं दारात येऊन विचारायला माणूस लागतो.

आणि हे महाराष्ट्राला नवं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळं वाचवली. १९९९ साली ते जगापुढे आलं आणि पुढे देशभर आशाताईंच्या गृहभेटी सुरू झाल्या. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी ४२ दिवसांत सहा भेटी. त्याच गडचिरोलीच्या ८६ गावांतल्या अभ्यासात दर सात मृत्यूंमागे साधारण एक लकव्याने झालेला आढळला.

मग बाळासाठी सहा भेटी ठरू शकतात, तर लकवा किंवा अटॅकनंतर घरी आलेल्या माणसासाठी का नाही? डिस्चार्ज झाला की रुग्णालयातून उपकेंद्राच्या फोनवर नाव जावं, मराठीत आठवणीचे मेसेज यावेत, आणि ठरलेल्या दिवशी कुणीतरी घरी जावं. अर्थात आशाताईंवर फुकटचं ओझं टाकून नव्हे, वेगळा मोबदला देऊन. आणि तालुक्याला किमान एक फिजिओथेरपिस्ट हवा.

तुमच्या गावच्या उपकेंद्रात अशा रुग्णांची यादी आहे का? पुढच्या ग्रामसभेत विचारा. उत्तर काय मिळालं ते इथे कमेंटमध्ये लिहा.