जुळ्या अविभाज्य संख्या
ज्यांत २ चा फरक असतो अशा दोन अविभाज्य संख्यांची जोडी. उदा., ११ व १३, १७ व १९. अविभाज्य संख्या अनंत आहेत, हे यूक्लिड यांनी सिद्ध केले. मात्र अशा जोड्याही अनंत आहेत काय, हा प्रश्न अद्याप अनिर्णित आहे. सर्व अविभाज्य संख्यांच्या व्यस्तांकांची बेरीज अनंत होते, असे ऑयलर यांनी १७३७ मध्ये दाखविले होते. याउलट, जुळ्या संख्यांच्या व्यस्तांकांची बेरीज सांत असते, असे व्हीगो ब्रून यांनी १९१९ मध्ये सिद्ध केले. त्यावरून त्या फार विरळ असल्याचे कळले. पण त्या कोठे संपतात की नाही, हे कळले नाही. ७ कोटींहून कमी अंतराच्या अविभाज्य जोड्या अनंत आहेत, असे यीतांग झांग यांनी २०१३ मध्ये सिद्ध केले. ही मर्यादा २०१४ मध्ये २४६ पर्यंत खाली आली. २ पर्यंत पोहोचणे शिल्लक आहे.