पाणी ओढ्यानं येतं

सांगलीचा आयर्विन पूल 1929 साली झाला. त्याच्याही आधीचे पूर माझ्या आजीने पाहिले होते. तिची मापं घरांची आणि देवळांची: पाणी पारापर्यंत, पाणी मारुतीच्या घंटेला. कृष्णाकाठच्या आमच्या गावात नदीला फुग आली की ओढा उलटा वाहायला लागतो. गावाच्या पाठीमागून आधी मळे बुडतात, मग रस्ता. नदीकडची घरं तोवर कोरडी असतात, पण गावाबाहेर पडायची वाट बंद झालेली असते. आजी बजावायची, “नदीकडं बघत बसू नगा. पाणी ओढ्यानं येतं.”

आजोबा काहिलीची गोष्ट सांगत. गूळ करायची गुऱ्हाळातली ती अवाढव्य कढई पुरात नाव व्हायची. आत बाळंतीण, म्हातारं माणूस, आणि दोन्ही अंगांनी धरून ढकलणारे पोहणारे. काहील कुणाकडे आहे, धारेत उतरेल असा गडी कोण, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, हे पाऊस लागायच्या आत ठरलेलं असे. हे ठरवायला बाहेरून कुणी येत नसे.

2005 साली आयर्विनपाशी पाणी 53 फुटांच्या वर गेलं. तिथं धोक्याची पातळी 45. त्या पुराची रेघ भिंतींवर उरली आणि ‘ह्याच्या वर पाणी येत न्हाई’ हा पुढच्या पिढीचा विश्वास झाला. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर चढलं. 2005 ला कोरडं राहिलेलं घर आताही राहील, म्हणून कितीतरी लोक थांबले. वडीलधाऱ्यांच्या आठवणीवर माझी श्रद्धा आहे, पण आठवण झाल्या पुराएवढीच उंच असते. त्याच दिवसांत ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली नाव उलटली आणि 17 जण गेले. ती बातमी अजून मला नीट वाचवत नाही.

म्हणून धरणाच्या विसर्गाचा आकडा आणि आजीचा ओढा एकाच कागदावर यायला हवेत. 2005च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात जिल्ह्याचा आराखडा स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून करायचा असं आहे. तो विचारविनिमय ग्रामसभेत व्हावा, बायाबापड्यांसमोर व्हावा. आयर्विनला 40 फूट झाले की आमच्या ओढ्यावरचा पूल चालू असतो का? 45 ला कुणाचा गोठा बुडतो? गोठ्याचं तर आधी विचारा. दावणीला दोन म्हशी सोडून कोणती बाई नावेत बसेल? जनावरांना उंचावर जागा आणि वैरण ठरलेली नसेल, तर माणसं शेवटच्या घटकेपर्यंत हलत नाहीत, आणि शेवटच्या घटकेला नावेत गर्दी होते.

ही बैठक मृगाच्या आधी घ्यावी. नंतर पेरणीच्या घाईत कुणाला सवड नसते.