मोकळी हवा, देवीची लस आणि डोळ्यातले फूल

आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या राजारामपुरीच्या सरळ गल्ल्या जुन्या कोल्हापूरच्या दाट पेठांशेजारी पाहिल्या की प्लेगनंतरच्या काळाचा मोकळ्या हवेवरचा विश्वास लक्षात येतो. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उसळला, १८९८ मध्ये तिथे दाट वस्त्या मोकळ्या करायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. शाहू महाराजांच्या कोल्हापुरातही लोकांना गावाबाहेर झोपड्यांत हलवले गेले. प्लेगपुरता हा उपाय फळला, कारण माणूस उंदीर-पिसवांपासून लांब गेला. पण हवेवरच्या त्याच विश्वासातून, विषाणूने नासलेला डोळा प्राणवायूने सुधारेल अशी आशा आज कुणी बाळगत असेल, तर ती तपासायला देवीच्या साथींकडे पाहावे लागते.

देवी आल्या की काहींच्या बुबुळावर व्रण होई. व्रण भरला तरी पांढरा डाग राही. लोक म्हणत, डोळ्यात फूल पडले. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात, तो प्राणवायू मुख्यतः थेट हवेतूनच घेतो. म्हणजे त्या डोळ्याला हवेची वाण नव्हती. गेली होती ती पारदर्शकता, आणि ती कुठल्याच वाऱ्याने परतत नाही. शीतळादेवीची आराधना, उशाशी कडुलिंबाचा पाला यांनी आईबापांना धीर दिला, तो क्षुल्लक नव्हे. डोळे मात्र वाचवले सुईने. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला देशातली पहिली लस टोचली गेली आणि पुढे मुलाच्या दंडातून मुलाच्या दंडात ती देशभर पसरली. देवी काढणारा आला की पोरे लपवणारी घरेही होतीच. तरी १९६२ च्या राष्ट्रीय मोहिमेनंतर मे १९७५ मध्ये भारतातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झाले.

कुणी म्हणेल, देवी श्वासातूनही पसरे, मग ऐसपैस वस्तीचा उपयोग झालाच असेल. झाला असेल, पण रुंद गल्ली संसर्ग फार तर कमी करते, शरीराला प्रतिकारशक्ती देत नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे: २०२१ मध्ये कोविडच्या साथीत प्राणवायूनेच माणसे जगली, आणि दृष्टिपटलाची रोहिणी तुंबली तर दाबाखालचा प्राणवायू काही ठिकाणी देतातही. खरे आहे, कारण तिथे फुप्फुस किंवा दृष्टिपटल प्राणवायूलाच मुकलेले असते. तरीही दृष्टिपटलाला फार थोडे तास मिळतात आणि उपचाराचा पुरावा अजून ठाम नाही. उलट १९४० आणि ५० च्या दशकांत बेसुमार प्राणवायूने अपुऱ्या दिवसांच्या कित्येक बाळांची दृष्टी गेली. विषाणूवर औषध मात्र वेगळेच: आजही हर्पिसच्या विषाणूने बुबुळाला व्रण केला तर असायक्लोव्हिर लागते, आणि फूल पडलेच तर नेत्रदानातून आलेले बुबुळ; तशी पहिली यशस्वी शस्त्रक्रिया एडुआर्ड झिर्म यांनी ७ डिसेंबर १९०५ रोजी केली.