एकाच घराने चालणारे प्यादे

बुद्धिबळाच्या पटावर बत्तीस मोहरी मांडून झाली की नवशिक्या खेळाडूची खरी कसोटी सुरू होते. डावाच्या मध्यात शत्रू समोर दिसत असतो आणि डावाच्या अखेरीस मोहरी थोडी उरलेली असतात, म्हणून तेथे बुद्धीला काही आधार सापडतो. आरंभी मात्र सारेच मार्ग मोकळे असतात, आणि म्हणूनच कोणता धरावा हे समजत नाही. कोणी वजिराला घाईने बाहेर काढून त्याची फरफट करून घेतो. कोणी एकच घोडा तीनदा नाचवतो. कोणी पुस्तकातील दहा खेळ्या पाठ करून येतो आणि प्रतिपक्षाने चौथ्याच खेळीला वाट बदलली की गोंधळून जातो. ही अडचण केवळ व्यक्तीची नव्हे. एकेकाळी ती साऱ्या भारतीय बुद्धिबळाची अडचण होती, आणि तिच्यातून जे निर्माण झाले त्याला जग आजही भारताच्याच नावाने ओळखते.

हा खेळ भारतातून इराणात, तेथून अरबांच्या हाती आणि त्यांच्यामार्फत युरोपात गेला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याचे रूप पालटले. पूर्वी एकेक घर सरकणारा वजीर पटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावू लागला, उंटाला लांबवर तिरका मारा मिळाला. मोहऱ्यांचे बळ असे वाढताच पहिल्या पाच-दहा खेळ्यांतच डावाचा निकाल लागण्याचा संभव निर्माण झाला, आणि आरंभाचा अभ्यास करणे भाग पडले. 1497 साली स्पेनमधील सालामांका येथे लुसेनाचा ग्रंथ छापला गेला. 1561 साली झाफ्रा गावच्या रुय लोपेस या धर्मगुरूने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. राजाच्या बाजूचा उंट पुढे काढून प्रतिपक्षाच्या घोड्यावर दाब आणण्याची जी मांडणी आज ‘स्पॅनिश’ म्हणून प्रसिद्ध आहे, तिला या धर्मगुरूचेच नाव आहे. अशा रीतीने युरोपात आरंभीच्या खेळ्यांचे एक शास्त्रच उभे राहिले.

भारतात मात्र खेळाचा प्रवाह निराळ्या वळणाने वाहत राहिला. एकोणिसाव्या शतकातील भारतीय पद्धतीत वजीर आणि उंट युरोपीय पद्धतीप्रमाणेच बलवान झाले होते. परंतु प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर पुढे जात असे. युरोपीय पद्धतीचा किल्लेकोट येथे नव्हता. त्याऐवजी राजाला, शह बसण्यापूर्वी, एकदाच घोड्याची उडी मारण्याची मुभा असे. प्यादे शेवटच्या घरात पोहोचले म्हणजे ते कोणत्या मोहऱ्याच्या घरात पोहोचले यावर त्याची बढती ठरत असे. कित्येक ठिकाणी दोन्ही खेळाडू आरंभीच्या काही खेळ्या एकदमच करून घेत आणि मग खरा सामना सुरू होई.

या नियमांचा परिणाम स्वाभाविक होता. प्यादी सावकाश चालत, सैन्ये उशिरा भिडत, आणि आरंभीच्या चुकीची शिक्षा ताबडतोब मिळत नसे. तेव्हा भारतीय खेळाडूंची बुद्धी डावाच्या मध्यात आणि शेवटात मुरली. 1814 साली त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळावरील ग्रंथ मुंबईत इंग्रजीतून प्रसिद्ध झाला. मूळ संस्कृतातून उतरवलेल्या आणि युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेल्या या ग्रंथात भर आहे तो निवडक बिकट स्थितींवर. पटावर मोजकी मोहरी असता मात कशी करावी, हे आमच्या शास्त्रीबुवांना उत्तम अवगत होते. पहिली खेळी कोणती करावी, या प्रश्नाला त्या परंपरेत तितके महत्त्वच नव्हते.

अशा दोन परंपरा समोरासमोर आल्या त्या कलकत्त्यात. जॉन कॉक्रेन हा स्कॉटिश बॅरिस्टर त्या काळच्या नामांकित खेळाडूंपैकी एक. तो वकिलीच्या निमित्ताने तेथे राहत होता. 1848 च्या सुमारास कलकत्त्याच्या बुद्धिबळ मंडळातील एका सभासदाला खेड्यापाड्यांच्या मुलखात एका ब्राह्मणाची कीर्ती ऐकू आली की, याला आजवर कोणी हरवलेले नाही. त्याचे नाव महेशचंद्र बॅनर्जी. त्याला शहरात आणून कॉक्रेनसमोर बसवण्यात आले, आणि पुढे कित्येक वर्षे या दोघांचे शेकडो डाव झाले.

महेशचंद्राची अडचण ध्यानात घेण्यासारखी आहे. तो भारतीय नियमांत वाढलेला. समोरचा मनुष्य युरोपीय ग्रंथांत मुरलेला. प्याद्यांची दुहेरी चाल आणि किल्लेकोट या गोष्टी त्याला प्रौढपणी अंगवळणी पाडायच्या होत्या. युरोपीय आरंभ पाठ करून कॉक्रेनशी त्याच्याच मैदानात झुंजण्याचा मार्ग त्याला मोकळा होता. परंतु त्याने बहुधा आपल्या हाताच्या जुन्या वळणावर भिस्त ठेवली. राजाच्या बाजूच्या घोड्यासमोरचे प्यादे एकच घर पुढे करायचे, त्यामागे उंट बसवायचा, आणि पटाच्या मध्यावर प्रतिपक्षाला खुशाल प्यादी उभी करू द्यायची. मध्य ताब्यात ठेवणे हाच आरंभाचा पहिला नियम मानणाऱ्या युरोपीय दृष्टीला ही मांडणी विचित्रच वाटली असेल.

1855 साली या दोघांत झालेला एक डाव इतिहासात राहिला आहे. कॉक्रेनने पांढऱ्या मोहऱ्यांनी वजिरापुढचे प्यादे दोन घरे चालवले. महेशचंद्राने राजाकडचा घोडा बाहेर काढला. पुढच्याच खेळीला त्याने घोड्यासमोरचे प्यादे एक घर सरकवले, आणि तिसऱ्या खेळीला वजिरापुढचे प्यादे दोन घरे टाकून मध्यावर आव्हान दिले. जुन्या वळणाची एक-घरी चाल आणि नव्या नियमांतील दोन-घरी चाल यांचा तो संगम होता. पुढे उंटाचा मारा लांबून पांढऱ्याच्या मध्यावर रोखला गेला. डाव मात्र कॉक्रेनने जिंकला. काळ्याच्या वजिराची मधल्या काळात निष्फळ ये-जा झाली. तेवढ्यात पांढऱ्याचा घोडा काळ्या राजाच्या गोटात घुसला. अखेर पांढऱ्याने वजीर बळी देऊन, स्वतःच्याच मोहऱ्यांनी कोंडलेल्या राजाला घोड्याने मात करण्याची वाट उघडली. कॉक्रेनने एकूण डावही अधिक जिंकले. तथापि हरलेल्या डावातील आरंभ वाईटच असतो, असा निष्कर्ष यावरून काढणे चुकीचे ठरले असते, आणि काळाने ते दाखवून दिले.

पहिल्या महायुद्धानंतर युरोपातील तरुण खेळाडूंनी जुन्या नियमांकडे नव्याने पाहिले. रिचर्ड रेटी, आरोन निम्झोविच यांनी प्रतिपादन केले की, मध्य व्यापण्यासाठी तेथे प्यादी उभी करावीच लागतात असे नाही. दुरून मोहऱ्यांचा मारा ठेवूनही मध्यावर हुकमत गाजवता येते. प्रतिपक्षाची मध्यातील प्यादी हेच मग हल्ल्याचे लक्ष्य होते. 1922 साली व्हिएन्ना येथे एर्न्स्ट ग्रुनफेल्डने अलेखाइनसारख्या रथीला काळ्या मोहऱ्यांनी हरवले, ते महेशचंद्राच्या 1855 च्या त्याच मांडणीने. आज ती ग्रुनफेल्डच्या नावाने प्रसिद्ध आहे. 1924 साली न्यूयॉर्कमध्ये रेटीने जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवून त्याची आठ वर्षांची अपराजित मालिका खंडित केली. किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन, निम्झो-इंडियन ही नावे पुढे सर्वत्र रूढ झाली. बंगालच्या खेडवळ मुलखातील ब्राह्मणाची सवय हे जगातील एका मोठ्या आरंभ-कुळाचे नाव होऊन बसले.

इतिहासाने हाच प्रसंग पुन्हा एकदा, निराळ्या पात्रांनी रंगवला. पंजाबातील मिठा टिवाणा गावचा मीर सुलतान खान 1928 साली अखिल भारतीय स्पर्धा जिंकून पुढच्या वर्षी आपले आश्रयदाते सर उमर हयात खान यांच्यासह लंडनला गेला. तोही भारतीय नियमांत वाढलेला. त्याच्या सरावासाठी एक छोटी स्पर्धा भरवण्यात आली, तीत तो शेवटच्या क्रमांकावर राहिला. आरंभाचे ज्ञान हाच त्याचा दुबळा दुवा होता. विल्यम विंटर आणि फ्रेडरिक येट्स या इंग्रज खेळाडूंनी त्याला सराव दिला, आणि त्याच उन्हाळ्यात, 1929 साली, त्याने ब्रिटिश अजिंक्यपद पटकावले. 1932 आणि 1933 सालीही ते त्याच्याकडेच राहिले. विंटर व येट्स हे पटावर त्याचे प्रतिस्पर्धीही होते, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

1930-31 च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत सुलतान खानाने कापाब्लांकाला हरवले. त्या डावात ‘भारतीय’ बचाव खेळत होता तो क्यूबाचा कापाब्लांका, आणि त्याच्याविरुद्ध पांढरी मोहरी होती ती भारतीयाकडे! पाचव्या खेळीला सुलतान खानाने वजिराच्या बाजूच्या कडेचे प्यादे नुसते एक घर पुढे केले. वरवर पाहता ही रिकामी चाल. परंतु प्रतिपक्षाच्या उंटाची जागा तिने कायमची हिरावली. पुढे जगज्जेत्या पेत्रोस्यानने याच कल्पनेचा पुरस्कार केला आणि ती त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. 65 खेळ्यांच्या त्या डावात सुलतान खानाने विजय मिळवला तो आरंभाच्या बळावर नव्हे. आरंभी आपली स्थिती बिघडू न देता, पुढे आपल्या खऱ्या सामर्थ्याच्या प्रदेशात डाव नेऊन. 1966 साली तो वारला. 2024 साली जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्याला मरणोत्तर सन्माननीय ग्रँडमास्टर केले.

मराठी खेळाडूंचाही या कथेशी जवळचा संबंध आहे. 1935 साली व्ही. के. खाडिलकर यांनी सुलतान खानाशी दहा डावांचा सामना खेळला. नऊ डाव गमावले, एक बरोबरीत सोडवला. वीस वर्षांनी, 1955 साली, एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा आंतरराष्ट्रीय नियमांनुसार झाली, तेव्हा रामचंद्र सप्रे हे डी. वेंकय्या यांच्यासह संयुक्त विजेते ठरले. 1974 साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि तिचे अजिंक्यपद वासंती खाडिलकर यांनी मिळवले. दोन-तीन पिढ्यांत भारतीय खेळाडूंनी नवे नियम आपलेसे करून घेतले होते.

तरीही आरंभाची भीती थोरांनाही सुटलेली नाही. 24 एप्रिल 2010 रोजी सोफिया येथे विश्वनाथन आनंद व टोपालोव यांच्यातील जगज्जेतेपदाच्या सामन्याचा पहिला डाव झाला. आनंदने काळ्या मोहऱ्यांनी निवडली ती ग्रुनफेल्डची, म्हणजेच महेशचंद्राची, मांडणी. घरी केलेल्या तयारीचा क्रम पटावर त्याच्या ध्यानातून निसटला, 23व्या खेळीला राजा चुकीच्या घरात गेला आणि 30 खेळ्यांत डाव हातचा गेला. दुसऱ्याच दिवशी त्याने विजय मिळवून बरोबरी साधली. इतकेच नव्हे, दहाव्या डावात तो त्याच ग्रुनफेल्डकडे परतला आणि त्याने डाव बरोबरीत राखला. अखेर बारावा डाव काळ्या मोहऱ्यांनी जिंकून त्याने साडेसहा विरुद्ध साडेपाच गुणांनी अजिंक्यपद टिकवले.

कलकत्त्यापासून सोफियापर्यंतच्या या दीडशे वर्षांत विद्यार्थ्याला घेण्यासारखे पुष्कळ आहे. आरंभ पाठ करण्यापूर्वी त्यामागील हेतू समजून घ्यावा, कारण पाठांतर आनंदलाही दगा देते. हेतू समजला असेल तर क्रम चुकल्यावरही वाट सापडते. आपल्या हाताला वळण असलेली एक-दोन आरंभ-रूपेच निवडावीत आणि ती निष्ठेने जोपासावीत. येट्स-विंटरसारखा सोबती मिळाला तर त्याच्याकडून शिकण्यास संकोच करू नये. आणि एक डाव हरला म्हणून मांडणी टाकून देऊ नये. चूक कोठे झाली ते शोधून पुन्हा त्याच पटावर बसावे. महेशचंद्राचा तो डाव 1855 साली हरला खरा. पण त्याने पुढे सरकवलेले ते एका घराचे प्यादे अजून चालतेच आहे.