पन्नासची वीज, साठचा पडदा

अमरावतीहून नागपूरकडे निघालं की नांदगाव पेठ लागतं. तिथल्या एमआयडीसीत २७० मेगावॅटचे पाच संच असलेलं औष्णिक वीज केंद्र आहे. अशा संचाचं टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला ५०, आणि देशभराच्या ग्रिडवर वीज याच तालात वाहते. आता त्याच गावातल्या एखाद्या सेतू केंद्रात कॉम्प्युटरची डिस्प्ले सेटिंग उघडा. रिफ्रेश रेटपुढे बहुधा ६० दिसेल, कधी ५९.९४. वीज पन्नासची, पडदा साठचा. हा दहाचा फरक पडद्याकडे पाहून उलगडत नाही. सेकंदाला किती वेळा चित्र बदलायचं, हे पडद्यानं एकट्यानं क्वचितच ठरवलं आहे. आधी ते विजेनं ठरवलं, मग केबलनं.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. आपण घेतलेली पद्धत युरोपची होती: ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रं, तीही प्रत्येकी दोन हप्त्यांत, म्हणजे ५० अर्धी चित्रं. हे पन्नास घरच्या विजेवरूनच बेतलेले. टीव्हीच्या सुरुवातीच्या काळात विजेची गुणगुण चित्रात झिरपायची आणि दोघांचा ताल जुळला नाही तर पडद्यावरून काळपट पट्टा सरकत राहायचा. अमेरिकेत वीज ६० ची, म्हणून टीव्हीही ६० चा. १९५३ मध्ये तिथे रंगीत प्रक्षेपणाचे नियम ठरले, तेव्हा रंगाचा संकेत आवाजाच्या संकेताला भिडू नये म्हणून साठातून किंचित कापलं आणि ५९.९४ उरले. सत्तर वर्षांपूर्वीची ती कात्री आजही वऱ्हाडातल्या सेटिंगमध्ये दिसते, याची गंमत वाटते. कॉम्प्युटर तिकडूनच आला आणि तिकडची सवय घेऊन आला. आयबीएमची १९८७ ची व्हीजीए ही पडद्यावर चित्र दाखवण्याची पद्धत ६० आणि ७० वर चालायची.

व्हीजीएची केबल आठवत असेल: निळं टोक, १५ पिना, दोन्ही बाजूंना हातानं पिळायचे स्क्रू. काचेच्या नळीचा मॉनिटर साठवर लुकलुकायचा, म्हणून लोक तो ७५ किंवा ८५ वर ठेवत. आकडा वाढवत गेलं की अक्षरांच्या कडा पुसट होत, मागे सावली पडे, पण चित्र येई. डिजिटल केबलनं ही सवलत काढून घेतली. मर्यादेत असाल तर चित्र लख्ख, बाहेर गेलात की पडदा काळा. हिशेब करून पाहू. फोर-के पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके असतात, पण एचडीएमआय या डिजिटल केबलमधून ४४०० बाय २२५० एवढी जागा धरून संकेत जातो. नळीतल्या किरणाला ओळीच्या टोकाहून परतायला जी सवड लागे, तिची जागा संकेतात अजून राखलेली आहे. नळी गेली, तिची सुट्टी राहिली! या जागेला ६० नं गुणलं की सेकंदाला ५९ कोटी ४० लाख ठिपके होतात. २००९ च्या एचडीएमआय १.४ ची मर्यादा ३४ कोटी, म्हणून पडदा कितीही चांगला असो, पूर्ण रंगात फोर-के चित्र ३० वर अडायचं. २०१३ च्या २.० नं मर्यादा ६० कोटींवर नेली, तेव्हा साठ जेमतेम बसले. १२० साठी २०१७ च्या २.१ ची वाट पाहावी लागली.

यावर कोणी म्हणेल, केबल म्हणजे नुसती तार, अडवते ती पोर्टमागची चिप. बरोबर आहे. चांगल्या प्रतीची जुनी केबल नव्या पोर्टांमध्ये पुष्कळदा साठ बिनतक्रार देते. पण एचडीएमआयसारखं स्टँडर्ड तांब्याचं नसतंच, दोन टोकांनी आधीच केलेला तो करार असतो, आणि चिपही त्या करारानुसारच घडवलेली असते. दुसरा आक्षेप, साठाच्या पुढचं डोळ्याला कळतं कुठे? सातबारा छापायला साठ पुरेत, यात वाद नाही. पण साठवर एक चित्र १६.७ मिलिसेकंद थांबतं आणि १४४ वर ६.९. वेगानं सरकवलेल्या मजकुरात किंवा गेममध्ये हा फरक उघड दिसतो. तेव्हा मॉनिटर घेताना खोक्यावरचा मोठा आकडा वाचून थांबू नका. मॉनिटरचं पोर्ट, कॉम्प्युटरचं पोर्ट आणि मधली केबल किती पेलतात तेही विचारा. तिघांत जो आकडा सर्वांत लहान, तेवढाच तुमच्या पदरात पडणार.